धाकटीने कॉलेज निवडलं ते असं

माझ्या बहिणीच्या धाकट्या मुलीला दोन लॉ कॉलेजांची प्रवेशपत्रं एकाच आठवड्यात आली. मंगळवारी एक, शुक्रवारी दुसरं. दोन्ही कॉलेजं अशी, की हजारो मुलं परीक्षा देतात आणि शंभरसुद्धा आत जात नाहीत. एकाच ठिकाणाहून पत्र आलं असतं तर घरात आनंदीआनंद झाला असता. दोन्हीकडून आल्यामुळे भांडण झालं.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, थोरली लग्न होऊन गेली तरी. मी तिचा मामा, पण ती मला मामा म्हणत नाही. ‘लिफ्टवाले’ म्हणते. एक तर मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि दुसरं म्हणजे तिला ‘म’ म्हणता येत नाही. म्हणजे येतं, पण कधी येईल ते सांगता येत नाही. चार वर्षांची असल्यापासून ती बोलताना अडते. ‘म’ आणि ‘प’ ही दोन अक्षरं ओठांशी येतात आणि तिथेच ठाण मांडून बसतात. मग चेहरा लाल होतो, मान किंचित डावीकडे वळते, आणि समोरचा माणूस नजर कुठे ठेवावी या विचारात पडतो. लहानपणापासून तिने यावर वाटा शोधल्या होत्या. पाणी हवं असेल तर ‘तहान लागली’ म्हणायचं. ‘मी’ हा शब्द तर तिने जवळजवळ टाकूनच दिला होता. ‘जाते’, ‘येते’, ‘जेवले’ एवढ्यावर भागतं की. लोकांना वाटायचं, काय नम्र मुलगी आहे.

अशा मुलीने वकील व्हायचं का ठरवलं, ते सांगतो. माझी ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करायची. धाकटी पंधरा वर्षांची असताना ताईच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या एका बाईचा हात चादरी इस्त्री करायच्या रोलरमध्ये सापडला आणि मनगटापर्यंत भाजला. ऑफिसने नंतर तिच्याकडून एका कागदावर सही घेतली आणि तिला घरी बसवलं. कागदात लिहिलं होतं की चूक तिचीच. धाकटीने ताईला तो कागद घरी आणायला लावला, तीनदा वाचला, आणि तारखेवर बोट ठेवलं. ज्या दिवशी ही सही झाल्याचं कागद म्हणत होता, त्या दिवशी ती बाई भूल घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर होती. धाकटीने चार ओळींचं पत्र लिहून दिलं. महिन्याभरात ती बाई कामावर परत आली.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी एकच सल्ला दिला: कागदावरची वकिली कर. करार लिही, अर्ज लिही, घरबसल्या कर. आमची धाकटी म्हणाली, “कोर्टात उभं राहायचंय.” आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

तर दोन पत्रं. पहिलं कॉलेज टेकडीवरचं. आम्ही सगळे त्याला तसंच म्हणायचो. घरापासून बसने तासाभरावर, हिरवळी, नवी इमारत, नाव असं की सांगितलं की लोक खुर्ची पुढे करतात. दुसरं गोदीजवळचं, सहा तासांवर, जुन्या मालगोदामात भरणारं. नाव त्याचंही मोठं, पण ते ऐकून लोक जरा दचकतात. तिथून निघालेले वकील भांडखोर म्हणून प्रसिद्ध. शिष्यवृत्ती दोन्हीकडे मिळत होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. उत्तर कळवायला चौदा दिवस होते.

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. आत्याबाई म्हणजे धाकटीच्या वडिलांची मोठी बहीण. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आणि निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या तरी खुर्ची काही सुटली नव्हती. त्यांचं म्हणणं, टेकडीवर पाठवा, तिथे मुलांना सांभाळतात. ताईचंही तेच. भावजींचं चष्म्याचं दुकान आहे. ते दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत “हे बरं की ते?” विचारत असतात. घरी मात्र त्यांनी काही न विचारता टेकडीच्या बाजूने मत दिलं.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही कॉलेजांना पत्रं लिहिली: प्रवेश मिळाल्याबद्दल आभारी आहे, होकार देण्याआधी एक दिवस वर्गात बसायची परवानगी हवी. आत्याबाई म्हणाल्या, असं कुठे विचारतात का, उद्या पत्र रद्द करतील. दोन्हीकडून ‘या’ असं उत्तर आलं. दुकान बंद ठेवता येत नव्हतं, ताईला रजा नव्हती, म्हणून सोबत माझी नेमणूक झाली.

टेकडीवरचं कॉलेज मला पाहताक्षणी आवडलं. खरं सांगायचं तर मी कुठेही गेलो की आधी लिफ्ट बघतो. तिथली लिफ्ट मजल्याला अशी टेकली की एका रेषेचाही फरक नाही. दाराशी एक मुलगी धाकटीची वाटच बघत उभी होती. तिला दिवसभर आमच्याबरोबरच राहायला सांगितलेलं. गोड मुलगी. तिने ग्रंथालय दाखवलं, वाचायला बसायच्या खिडक्या दाखवल्या, झाडाखालचे बाक दाखवले. जाता-येता मुलं हसून ओळख दाखवत होती. कुणाचा आवाज चढलेला मी दिवसभरात ऐकला नाही.

वर्ग करारांच्या कायद्याचा होता. मला मागच्या बाकावर बसू दिलं. अर्ध्या तासाने धाकटीने हात वर केला. सरांनी लगेच तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली, “पण” म्हणायला गेली आणि अडकली. दोन-तीन सेकंद गेले असतील. सर प्रेमाने पुढे झुकले. “पण करार मोडणाऱ्याचा हेतू चांगला असेल तर? हेच ना? फार छान प्रश्न.” धाकटीने मान हलवली. सरांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, उत्तम दिलं, सगळ्यांनी लिहून घेतलं.

जेवायच्या वेळी काउंटरवर तसंच. धाकटी काही बोलायच्या आत त्या मुलीने तिच्यासाठी थाळी मागवली. दुपारी ऑफिसात एका बाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं की तिची अडचण त्यांनी अर्जात वाचली आहे, काळजी नसावी, तोंडी परीक्षा आणि भाषणाची सगळी कामं तिला माफ होतील, त्याऐवजी ती लिहून देऊ शकेल. वर्षानुवर्षं मी शाळांमध्ये ताईला हेच मागताना पाहिलं होतं, आणि इथे कुणी न मागता देत होतं. मी त्या बाईंचे दोनदा आभार मानले.

परतीच्या बसमध्ये मी बोलत होतो, ती खिडकीतून बाहेर बघत होती. बराच वेळ गेल्यावर तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

“लिफ्टवाले, आज दिवसभरात एक तरी वाक्य शेवटपर्यंत बोलले का?”

मी आठवून पाहिलं. नव्हतं.

“आणि वर्गातला प्रश्न तो नव्हताच,” ती म्हणाली.

चार दिवसांनी आम्ही गोदीजवळच्या कॉलेजात गेलो. पहाटेची गाडी, मग बंदराच्या भिंतीलगत पंधरा मिनिटं चालत. दाराशी कुणी नाही. लिफ्टवर ‘बंद आहे’ची पाटी, आणि पाटीचा रंग उडालेला, म्हणजे बंद असायला बरेच महिने झाले होते. माझ्या मनातून ते कॉलेज तिथेच उतरलं. चार मजले चढून गेलो तर वर्ग सुरू झालेला होता, आणि आत असा गलका की मला वाटलं मारामारी चालली आहे. शिपाई म्हणाला, नाही, शिकवणं चाललंय.

शिकवणाऱ्या बाई किडकिडीत, केस आखूड, हाताला कोपरापर्यंत खडू लागलेला. धाकटीकडे पाहून त्यांनी रिकाम्या जागेकडे बोट केलं, बस्स. मी जिन्याजवळच्या बाकावर टेकलो. विषय होता, कामगाराने सही केलेला कागद त्याच्यावर किती बंधनकारक. उघड्या दारातून धाकटी ताठ बसलेली मला मागून दिसत होती. वीसेक मिनिटांनी तिने हात वर केला.

यावेळी ती ‘मालक’ या शब्दावर अडली. लिफ्टचं दार किती वेळ उघडं राहतं हे मोजायची मला सवय आहे, त्यामुळे मन आपोआप मोजायला लागलं. अकरा सेकंद. भरल्या वर्गात अकरा सेकंद म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही. कुणी हसलं नाही. कुणी मदतही केली नाही. एक मुलगा नखं बघत बसला, एकीने वहीचं पान उलटलं. बाई खडू हातात धरून तिच्याकडे बघत उभ्या होत्या, जणू त्यांना दुसरं काही काम नाही. माझे पाय आपोआप हलले. मी उठून तिच्याऐवजी बोलणार होतो. जिन्याचा कठडा धरून बसून राहिलो.

वाक्य पूर्ण झालं. सही घेताना मालकाने कागद वाचून दाखवला नसेल तर ती सही ग्राह्य धरावी का, असा प्रश्न होता.

बाई म्हणाल्या, “प्रश्न चुकीचा आहे. वाचून दाखवला की नाही, हे सिद्ध कोण करणार? तिथून सुरुवात करा आणि परत विचारा.”

मला बाईंचा राग आला. धाकटी उभीच होती. तिने विचार केला आणि परत विचारलं. पुन्हा अडली, पुन्हा सगळे थांबले. नखं बघणारा मुलगा उठला आणि तिचं म्हणणं कसं टिकत नाही ते सांगायला लागला. तिने त्याला उत्तर दिलं. तो तास संपेपर्यंत ती पाच वेळा बोलली. घरी आठवड्यात जेवढं बोलते त्याहून जास्त.

दुपारचं मात्र मी लपवणार नाही. तिथे दर आठवड्याला खोटं कोर्ट भरतं. मुलंच वकील, वरच्या वर्गातली मुलं न्यायाधीश. त्या दिवशी एका मुलीला प्रश्न विचारून विचारून असं कोंडीत पकडलं, की ती कागद टाकून बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडली. कुणी तिच्यामागे आलं नाही. धाकटी गेली. पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, असं आहे तर इथे राहतेस कशाला? त्या मुलीने नाक पुसलं. आज कुठे चुकलं ते आपल्याला कळलंय, म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात परत आपलीच पाळी आहे. मग आत निघून गेली.

निघण्याआधी धाकटीने खडूवाल्या बाईंना गाठलं. तोंडी परीक्षेत सूट मिळेल का, एवढंच विचारलं.

“वेळ लागेल तेवढा मिळेल,” बाई म्हणाल्या. “सूट नाही.”

धाकटीने थँक्यू म्हटलं आणि जिना उतरायला लागली.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते, तेव्हा तिने निर्णय सांगितला. आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मला साक्षीला ओढलं, आणि मी खरं सांगितलं: लिफ्ट बंद, स्वागताला कुणी नाही, एक मुलगी रडताना पाहिली. आत्याबाई धाकटीकडे वळल्या. “तिथे तुला फाडून खातील.”

“खाऊ देत की,” धाकटी म्हणाली. “आधी ऐकून घेतात. इथे तर–” आणि ती अडली.

“इथे तर सगळे तुला समजून घेतात,” ताईने नेहमीच्या सवयीने पूर्ण केलं.

धाकटीने आईकडे पाहिलं. रागाने नाही. मान हलवून नको म्हणाली आणि स्वतःचं वाक्य परत पहिल्यापासून सुरू केलं. आम्ही थांबलो. भात गार झाला. “इथे तर,” ती म्हणाली, “प्रत्येकजण मनाने दुसरंच बोलतो, आणि ते माझ्या नावावर जमा होतं.” तिच्या तोंडून ‘माझ्या’ हा शब्द बाहेर यायला किती वेळ लागला, ते मी सांगत नाही.

इतकी वर्षं ताई या मुलीच्या वतीने बोलत आली होती, दुकानात, शाळेत, पाहुण्यांत, आणि तिच्यासारखी आई मी पाहिलेली नाही. तिने हळूच विचारलं, “मी पूर्ण केलेली वाक्यं चुकीची होती का गं?”

“निम्मी,” धाकटी म्हणाली.

भावजी हसले. ताईपण हसली, डोळे पुसत. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचे आठ दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली. तरी चौदाव्या दिवशी धाकटीने गोदीजवळच्या कॉलेजाला होकार पाठवला आणि टेकडीवरच्या कॉलेजाला एक लांब, मनापासूनचं पत्र लिहिलं. ते मी वाचलंय. त्यात तक्रारीचा एक शब्द नाही. तिथली माणसं चांगली होती आणि तिने तसंच लिहिलं. आमच्याच गल्लीतली शिंप्याची मुलगी पुढच्या वर्षी तिथे गेली आणि मजेत शिकली. गर्दी दिसली की तिचे हातपाय गार पडायचे, तिला ती हिरवळ मानवली. धाकटीला नसती मानवली, एवढंच.

पहिलं वर्ष वाईट गेलं. खोट्या कोर्टात उभं राहिलं की पहिला शब्द ‘माननीय’, आणि तो टाळता येत नाही. तिथे पळवाट चालत नाही, त्याच्या जागी दुसरा शब्द नाही. पहिल्या वेळी ती त्या एका शब्दाशी झगडत राहिली, आणि न्यायाधीश झालेल्या पोराने चांगला दहा मिनिटांचा वाढीव वेळ देऊनही ती दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचली नाही. हरली. फोनवर ताईला सांगताना तिचा आवाज इतका खोल गेला होता की ताई पिशवी भरून निघायच्या तयारीत बसली. ताई म्हणाली, परत ये, टेकडीवाले अजून घेतील. धाकटीने सांगितलं, आता फोन ठेवते, पुढच्या आठवड्यासाठी वाचायचंय. पहिल्या वर्षात ती नऊ वेळा उभी राहिली आणि आठ वेळा हरली. नवव्या वेळी जिंकली ती सुद्धा समोरच्याला ताप होता म्हणून, असं ती स्वतःच सांगते.

दुसऱ्या वर्षापासून कॉलेजच्या फुकट सल्ल्याच्या टेबलावर तिला दर शनिवारी बसवायला लागले. गोदीतले कामगार यायचे. त्यातली निम्मी माणसं आपली गोष्ट शेवटाकडून सुरू करायची, मध्येच थांबायची, कागद शोधायची. बाकीची मुलं घाई करायची. ही करत नसे. हळूहळू तिच्याच टेबलापुढे रांग लांब व्हायला लागली, आणि इतर मुलं चिडवायची की हिने ऐकण्याचं दुकान टाकलंय.

आज ती एकतीस वर्षांची आहे. कामगार कोर्टात काम करते. सायकलच्या दुकानावर एक खोली घेतली आहे, दोन टेबलं, एक कपाट. तिचं अडणं गेलेलं नाही. लोक विचारतात, बरं झालं का? नाही झालं. ‘म’ आजही त्याला वाटेल तेव्हाच येतो.

मागच्या वर्षी मी तिचं काम बघायला एकदा कोर्टात गेलो होतो. समोरचे वकील वयस्कर, नावाजलेले. धाकटी एका वाक्यात अडली. त्यांनी, अगदी सभ्यपणे, ते वाक्य पूर्ण केलं, आणि न्यायाधीशांच्या लेखनिकाने ते उतरवून घेतलं. धाकटी थांबली. लेखनिकाकडे वळली.

“नोंद दुरुस्त करावी,” ती म्हणाली. “ते वाक्य त्यांचं आहे. माझं अजून चालू आहे.”

न्यायाधीशबाईंनी ते खोडायला सांगितलं. मग सगळं कोर्ट थांबलं, मीही थांबलो, आणि यावेळी सेकंद मोजले नाहीत.

आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून म्हणतात की टेकडीवर गेली असती तर एव्हाना न्यायाधीश झाली असती. धाकटी त्यावर वाद घालत नाही. कदाचित झाले असते, म्हणते. सध्या तिच्याकडे गोदीतल्या एका क्रेनवाल्याचं प्रकरण आहे. पाठीच्या दुखण्याने त्याला काढून टाकलंय, दोन वर्षं चाललंय, दोनदा हरून वरच्या कोर्टात गेलंय. परवा घरी गेलो तेव्हा ती जमिनीवर कागद पसरून बसली होती. मला म्हणाली, लिफ्टवाले, बसायचं असेल तर खुर्चीवरचे कागद उचला, क्रम बिघडवू नका. पुढची तारीख एकवीसची आहे.